शेंडेनक्षत्राचा हिशेब

अमरावती जिल्ह्यातल्या तिवशात कुठल्याही घरी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं की वर्षभरातली ग्रहणं सापडतात, स्पर्श-मध्य-मोक्ष मिनिटांसकट. धूमकेतू, म्हणजे आपलं शेंडेनक्षत्र, मात्र त्यात कुठेच नसतो. यात छापणाऱ्याचा आळस नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेच्या केतुचार अध्यायात सांगून टाकलं होतं की केतू कधी दिसेल आणि कधी मावळेल, हे गणिताने कळत नाही. त्याच्यासमोर जुन्या आचार्यांची भांडणं होती. कोणी एकशे एक केतू मोजत होतं, कोणी हजार. नारदाचं मत वेगळंच: केतू एकच आहे, तोच निरनिराळी रूपं घेऊन येतो. आजच्या वाचकाला इथे हॅलेच्या धूमकेतूची आठवण होईल, पण साम्य तेवढ्यापुरतंच. नारदाने हिशेब केला नव्हता.

वराहमिहिराचं ते विधान आज निम्मं खोटं ठरलं आहे आणि निम्मं अजून शाबूत आहे. एकदा सापडलेला धूमकेतू अमुक रात्री आकाशात नेमका कुठे असेल, हे आता कोनाच्या बारीकशा अंशापर्यंत सांगता येतं. तो डोळ्यांना दिसेल की नाही, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. वर्तमानपत्रं या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात आणि मग गच्चीवर गेलेली माणसं हिरमुसून खाली येतात.

मराठी मुलखाच्या अगदी शेजारून या शास्त्राची एक जुनी वाट जाते. नोव्हेंबर १६१८मध्ये आकाशात एकापाठोपाठ धूमकेतू दिसले. जहांगीर बादशहा तेव्हा माळव्याच्या वाटेने आग्ऱ्याकडे परतत होता. त्याच्या ज्योतिषांनी यंत्रराजाने शेपूट मोजलं, ते २४ अंश भरलं. बादशहाने ते आत्मचरित्रात लिहून ठेवलं. त्याच दिवसांत गोव्यात वेन्सेस्लास किरविट्झर हा जेझुइट पाद्री धूमकेतूंकडे दुर्बिणीतून पाहत होता. चीनला निघालेल्या मिशनऱ्यांच्या तुकडीबरोबर तो नुकताच गोव्याला उतरला होता आणि या तुकडीत गॅलिलिओच्या अकादमीतला योहान श्रेकही होता. किरविट्झरने आपल्या नोंदी १६२०मध्ये युरोपात छापून आणल्या. भारतातून दुर्बिणीने केलेल्या आकाशनिरीक्षणाची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवून जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

पण दुर्बिणीने जवळून दिसतं, वाट कळत नाही. वाट कळायला गणित लागतं आणि ते अजून यायचं होतं.

धूमकेतू वातावरणातला धूर आहे की ताऱ्यांच्या राज्यातला, हा वाद टायको ब्राहेने १५७७च्या धूमकेतूवर मोडून काढला. दूरदूरच्या दोन गावांतून पाहिलं तर चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. हा धूमकेतू तेवढाही सरकला नाही. म्हणजे तो चंद्राच्या पलीकडे होता. तरीही तो कोणत्या वळणाने जातो हे ठरत नव्हतं. केप्लरसारख्या माणसालाही धूमकेतू सरळ रेषेत जातात असंच वाटत होतं. कोडं सुटलं ते १६८०च्या मोठ्या धूमकेतूवर. शिवाजी महाराजांचं निधन होऊन काही महिने झाले होते. जानेवारी १६८१मध्ये रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या आठवड्यांत सायंकाळच्या आकाशात हा धूमकेतू लांब पिसारा घेऊन उभा होता. इकडे लोकांनी त्यात शकुन-अपशकुन पाहिले असतील, तिकडे न्यूटनने त्याचीच निरीक्षणं घेऊन १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये दाखवून दिलं की ग्रहांना फिरवणारं गुरुत्वाकर्षणच धूमकेतूलाही वाकवतं. त्याची वाट अन्वस्ताजवळची असते: सूर्याकडे झेप, एक वळसा, पुन्हा काळोख.

इंग्रज खगोलज्ञ हॅलेने मग ढोर मेहनत केली. जुनी दप्तरं काढून २४ धूमकेतूंच्या कक्षा त्याने हाताने काढल्या आणि १७०५मध्ये छापल्या. १५३१, १६०७ आणि १६८२ या तीन वर्षांचे आकडे जवळपास सारखे निघाले. हा एकच आहे आणि १७५८च्या सुमारास परत येईल, असं त्याने सांगितलं, पण ते पाहायला तो उरला नाही. तारीख बारकाईने काढायचं काम फ्रान्समध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी महिनोन्‌महिने सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड करून पुरं केलं. वाटेत गुरूमुळे ५१८ दिवस आणि शनीमुळे १०० दिवस उशीर होणार, असा त्यांचा हिशेब होता. एप्रिल १७५९च्या मध्यावर, महिनाभर इकडेतिकडे, असं त्यांनी जाहीर केलं. धूमकेतू सूर्याजवळून गेला १३ मार्चला. केतू गणिताने कळत नाही, हे वचन त्या दिवशी पहिल्यांदा मोडलं.

कक्षा काढायची म्हणजे सहा आकडे काढायचे. सूर्यापासून सर्वांत जवळचं अंतर, तिथे पोचण्याची वेळ, कक्षा किती लांबट आहे ते, पृथ्वीच्या कक्षेशी तिचा कल, आणि तिचा अवकाशातला रोख सांगणारे दोन कोन. एका निरीक्षणातून आकाशातली जागा मिळते, म्हणजे दोन आकडे. म्हणून तीन रात्रींची तीन निरीक्षणं कागदावर पुरतात. ओल्बर्सने १७९७मध्ये आणि गाउसने १८०१च्या सुमारास यासाठी दिलेल्या रीती पुढे शतकभर रोजच्या वापरात राहिल्या. मात्र कागदावर पुरेसं आणि खरोखर पुरेसं यांत फरक आहे. लागोपाठच्या तीन रात्रींत धूमकेतू एवढा थोडा सरकतो की त्यावरून कक्षा सांगणं म्हणजे तिवशाजवळ महामार्गाचा दहा पावलांचा तुकडा पाहून हा रस्ता कोलकात्याला जातो की मध्येच चांदूर रेल्वेला वळतो, हे सांगण्यासारखं. नजरेखालचा तुकडा जसजसा लांबतो तसतशी कक्षा घट्ट बसते. म्हणूनच पहिली कक्षा कधीच अखेरची नसते, आणि म्हणूनच कुणा मेलेल्या माणसाची जुनी नोंद अचानक सोन्याच्या मोलाची ठरते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण स्विफ्ट-टटल या धूमकेतूचं. १८६२मध्ये तो सापडला तेव्हा काढलेल्या कक्षेवरून सुमारे १२० वर्षांनी, १९८०च्या आसपास तो परतायला हवा होता. वर्षं उलटली, तो आला नाही. ब्रायन मार्सडेन या कक्षागणितज्ञाने १९७३मध्येच एक शक्यता मांडून ठेवली होती: पेकिंगमधल्या केग्लर नावाच्या जेझुइटाने १७३७मध्ये नोंदवलेला धूमकेतू हाच असेल, तर तो १९९२च्या अखेरीस येईल. सप्टेंबर १९९२मध्ये त्सुरुहिको किउची या जपानी हौशी निरीक्षकाला तो मोठ्या बायनॉक्युलरमधून सापडला आणि डिसेंबरात सूर्याला वळसा घालून गेला. गोष्ट इथे संपली नाही. नव्या कक्षेवरून मार्सडेनला दिसलं की २१२६मध्ये त्याचं येणं पंधरा दिवसांनी जरी चुकलं तरी पृथ्वीशी गाठ पडू शकते. जगभर मथळे झळकले. मग इसवी सनापूर्वी ६९ आणि इसवी सन १८८ या सालांतल्या चिनी नोंदी याच धूमकेतूच्या आहेत हे जुळलं, दोन हजार वर्षांचा तुकडा हाती आला आणि धोका कागदावरून पुसला गेला. हान राजवटीतल्या कारकुनांनी बादशहाच्या भवितव्यासाठी लिहिलेल्या ओळींनी विसाव्या शतकातली घबराट मिटवली. स्विफ्ट-टटलने मागे टाकलेली धूळ दर ऑगस्टात ययातीच्या उल्का म्हणून पडते. वऱ्हाडात तेव्हा बहुधा ढग असतात.

मराठीत आकडेमोडीची परंपरा कमी नव्हती. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६०मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ काढली, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी बागलकोटच्या शाळेत शिकवता शिकवता ‘ज्योतिर्गणित’ रचलं. केतकरांनी तर १९११मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं. त्यातल्या पहिल्याला त्यांनी ‘ब्रह्मा’ म्हटलं आणि त्याचा काळ सुमारे २४२ वर्षं ठरवला. १९३०मध्ये सापडलेल्या प्लूटोचा काळ २४८ वर्षं निघाला. त्यात योगायोगाचा वाटा मोठा असला, तरी हात केवढा बसलेला होता ते दिसतं. पण ही सगळी बुद्धी खर्ची पडली ती पंचांगाच्या शुद्धीकरणावर, तिथींच्या आणि ग्रहणांच्या वादात. धूमकेतू पंचांगात नाही, म्हणून तो या गणितातही नाही.

दुर्बिणीचंही असंच झालं. पुण्यात १८८८मध्ये कावसजी दादाभाई नायगमवालांच्या हाताखाली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली आणि तिथे ग्रब कंपनीची २० इंच आरशाची दुर्बीण बसली. देशातली त्या काळातली ती सर्वांत मोठी. १९१२मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. संस्था एका माणसाच्या खुर्चीवर उभी असली की असंच होतं. दोनच वर्षं आधी, १९१०च्या मे महिन्यात हॅले येऊन गेला होता. कॉवेल आणि क्रॉमेलिन यांनी त्याच्या उपसूर्यबिंदूची, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची, तारीख तीन दिवसांच्या चुकीने सांगितली होती आणि कोडाईकनालहून त्याची छायाचित्रं घेतली गेली होती. तिवशाजवळच्या मोझरीला पुढे गुरुकुंज उभारणारे तुकडोजी महाराज तेव्हा यावलीत वर्षभराचे होते.

भारतीयाचं नाव लागलेला धूमकेतूही परदेशातच सापडला. जुलै १९४९मध्ये हैदराबादहून हार्वर्डला शिकायला गेलेल्या वेणू बाप्पूंना फोटोच्या काचेवर एक अनोळखी डाग दिसला. बाप्पू-बॉक-न्यूकर्क असं त्याचं नाव पडलं आणि परतीचा काळ सुमारे साठ हजार वर्षं निघाला. महाराष्ट्रात हौशी मंडळींनी मात्र हा धागा सोडला नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून चालू आहे, आणि मुंबईचं खगोल मंडळ १९८५-८६च्या हॅलेच्या निमित्ताने उभं राहिलं. हॅलेने त्या खेपेला फारच निराशा केली. तो सूर्याजवळ होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला होती. गणिताने हे आधीच सांगितलं होतं, पण उत्साहाच्या भरात ते कोणी ऐकलं नाही.

आज हे काम कसं चालतं? हवाई, चिली, दक्षिण आफ्रिका इथल्या दुर्बिणी रात्रभर आकाशाची एकच पट्टी पुनःपुन्हा टिपतात. संगणक त्या प्रतिमा एकमेकींवर ठेवतो, तारे जागच्या जागी राहतात आणि जो ठिपका सरकला त्याच्यावर खूण होते. जवळच्या ज्ञात ताऱ्यांवरून त्याची जागा कोनीय सेकंदाच्या आत मोजली जाते आणि वेळेसकट अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जाते. काही तासांत कच्ची कक्षा येते, जगभरचे निरीक्षक ती पाहून आपापली दुर्बीण त्या जागी वळवतात, नव्या मापांनी कक्षा सुधारते. लडाखमधल्या हानलेला मुंबई आयआयटी आणि भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून चालवतात ती ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण अशाच सरकत्या पिंडांच्या मागावर असते. सूर्याला खेटून जाणारे धूमकेतू तर सोहो या अंतराळयानाच्या फोटोंत घरबसल्या शोधता येतात; मार्च २०२४मध्ये अशा धूमकेतूंची संख्या पाच हजारांवर गेली आणि त्यांतले बहुतेक हौशी लोकांनी शोधलेले आहेत.

कक्षेचं गणित किती कामाला येतं ते मंगळयानाने अनुभवलं. साइडिंग स्प्रिंग हा धूमकेतू जानेवारी २०१३मध्ये सापडला तेव्हा तो मंगळावर आदळू शकतो असंच पहिल्या आकड्यांवरून वाटत होतं. निरीक्षणं वाढली तशी टक्कर निकालात निघाली, पण १९ ऑक्टोबर २०१४ला तो मंगळापासून अवघ्या एक लाख चाळीस हजार किलोमीटरवरून जाणार हे पक्कं झालं. मंगळयान तिथे पोचून महिनाही झाला नव्हता. इस्रोने त्याची कक्षा अशी बदलली की धुळीचा मारा होईल तेव्हा यान मंगळाच्या आडोशाला असेल.

दूरच्या दोन जागांवरून पाहण्याची टायकोची युक्तीही अजून निवृत्त झालेली नाही. १ जुलै २०२५ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला ३आय/अ‍ॅटलास सापडला. त्याची उत्केंद्रता, म्हणजे कक्षा किती लांबट ते सांगणारा आकडा, सहाच्या वर निघाली. एकच्या वर असली की कक्षा अपास्ताची, आणि ती इतकी वर म्हणजे हा पाहुणा दुसऱ्या कुठल्या ताऱ्याच्या प्रदेशातला आणि पुन्हा न येणारा. तीन महिन्यांनी तो मंगळाजवळून गेला तेव्हा युरोपच्या मंगळाभोवतालच्या यानाने त्याला टिपलं आणि पृथ्वी व मंगळ अशा दोन ठिकाणच्या मापांनी त्याच्या स्थानाचा अंदाज दहापट नेमका झाला. नोव्हेंबरात माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीतूनही भारतीय शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. असाच दुसरा पाहुणा, बोरिसोव्ह, २०१९मध्ये क्रिमियातल्या एका हौशी माणसाने स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून शोधला होता. मोठ्या यंत्रांनी हौशींची सद्दी संपवली असं म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर पुरे.

गुरुत्वाकर्षण सोडून आणखी एक खोडी धूमकेतूत असते. एन्के नावाचा धूमकेतू ३.३ वर्षांत फेरी पुरी करतो आणि एकोणिसाव्या शतकात तो दर खेपेला अडीचेक तास लवकर हजर व्हायचा. न्यूटनच्या नियमांत हे बसेना. १९५०मध्ये फ्रेड व्हिपलने उलगडा केला: धूमकेतूचं केंद्र धूळमिश्रित बर्फाचं आहे, सूर्याच्या उष्णतेने त्यातून वाफेचे झोत सुटतात आणि त्यांच्या धक्क्याने कक्षा हलते. हे झोत किती, कुठून आणि कधी सुटतील, हे केंद्र जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही. पिसारा आणि तेज येतं तेही याच झोतांतून. तेजाचा अंदाज चुकतो तो इथे.

चुकतो म्हणजे किती? १९७३च्या कोहूतेकचा गाजावाजा झाला आणि लोकांना जेमतेम एक ठिपका दिसला. आयसॉनला ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून मिरवलं, तो २८ नोव्हेंबर २०१३ला सूर्याजवळ जाऊन विरघळला. उलटही होतं. जुलै २०२४मध्ये झ्डेनेक सेकानिना या जाणत्या अभ्यासकाने त्सुचिनशान-अ‍ॅटलास फुटणार असा निबंध लिहिला, आणि ऑक्टोबरात तोच धूमकेतू तिवशातून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. दसरा होऊन गेल्यावरच्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या पट्ट्यात तो होता, पिसारा सूर्यापासून उलट, वरच्या दिशेला. त्याच क्षितिजावर अमरावतीच्या दिव्यांचा उजेड पसरलेला असतो, म्हणून मोर्शीच्या बाजूच्या शेतांतून तो शहरापेक्षा कितीतरी उठून दिसला.

वऱ्हाडाला आकाशाची जागा वाईट मिळालेली नाही. सुमारे २१ अंश अक्षांशावरून दक्षिणेकडचं बरंच आकाश दिसतं, आणि सूर्याजवळचे धूमकेतू संधिप्रकाशात युरोपपेक्षा इथे उंच असतात, कारण ग्रहांची वाट इथे क्षितिजावर जास्त उभी राहते. अडचण पावसाची. जुलै २०२०मध्ये निओवाइज उत्तर गोलार्धाला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता आणि विदर्भ ढगांखाली होता. लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो २१ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे नेमक्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आकाश मोकळं झालं होतं, पण फटाक्यांचा धूर होता. त्याचा सुमारे साडेतेराशे वर्षांचा फेरा या खेपेला जवळपास दोनशे वर्षांनी आखूड झाला.

गैरसमजांची खबर घ्यायला हवी. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी अकोला-अमरावतीपासून नागपूरपर्यंत जळते तुकडे आकाशातून जाताना दिसले. व्हॉट्सअ‍ॅपवर धूमकेतू कोसळल्याचे निरोप फिरले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सापडली ती सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी. चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा असं अभ्यासकांनी सांगितलं. ओळखायची खूण सोपी आहे: जे डोळ्यांदेखत धावतं तो धूमकेतू नव्हे. धूमकेतू चंद्रासारखा उगवतो-मावळतो, त्याचं सरकणं दुसऱ्या रात्रीच कळतं.

मराठी विज्ञान परिषदेची अमरावतीची मंडळी वर्तमानपत्रांतून धूमकेतू कधी, कुठे पाहायचा हे कळवत असतात, आणि जवळच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. उणीव आहे ती लिहून ठेवण्याची. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत एका हौशी बंगाली निरीक्षकाच्या शोधामुळे साऱ्या जगाची धावपळ होते. तिवशात तेवढ्याची गरज नाही. गणितासाठी लागणारी नेमकी जागा मोठ्या दुर्बिणी मोजतातच. तेजाची नोंद मात्र साध्या बायनॉक्युलरनेही होते. फोकस थोडा बिघडवून आजूबाजूचे तारे धूमकेतूएवढे पसरट करायचे, कोणत्या ताऱ्याशी तेज जुळतं ते पाहायचं, त्या ताऱ्याची प्रत तक्त्यावरून काढून तारीख-वेळेसह वहीत टाकायची. जगभरच्या अशा नोंदी स्लोव्हेनियातून चालणाऱ्या धूमकेतू-नोंदवहीत जमा होतात. जिथे अंदाज चुकतात तिथेच या नोंदी कामाच्या. हिवाळ्यात रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणारा किंवा रानडुकरांसाठी जागलीवर बसलेला शेतकरी शहरातल्या कुठल्याही निरीक्षकापेक्षा जास्त तास काळ्या आकाशाखाली असतो, हेही विसरायला नको.

हॅले डिसेंबर २०२३मध्ये नेपच्यूनच्या कक्षेपलीकडच्या टोकाला पोचून परत वळला आहे. त्याची धूळ दर ऑक्टोबरच्या २१-२२ तारखेच्या पहाटे मृगाच्या बाजूने उल्का होऊन येते. तेव्हा सोयाबीन घरी आलेलं असतं आणि पऱ्हाटी वेचायला लागलेली. तो स्वतः सूर्याजवळ येईल २८ जुलै २०६१ला. १९८६पेक्षा या खेपेला तो बराच ठळक दिसेल असा अंदाज आहे. जुलैअखेर म्हणजे वऱ्हाडात भर पावसाळा. हानलेला मोसमी पाऊस सहसा पोचत नाही, तेव्हा तिवशातल्या आज शाळेत जाणाऱ्या मुलांनी पाहायचाच ठरवला, तर लडाखचं तिकीट काढलेलं बरं.